जुन्या सिनेमाच्या पाटीवरून देवनागरी फॉन्ट: खानदेशातल्या नवशिक्यांसाठी

फॉन्ट शिकायला येणारी मुलं जुनं पोस्टर समोर ठेवतात आणि पहिल्याच दिवशी अक्षराची सावली काढायला घेतात. लाल अक्षर, पिवळी कड, खाली काळी सावली. डोळ्यांत तेच भरतं, म्हणून हातही तिकडेच जातो. पंधरा दिवसांनी क, म, र झकास झालेले असतात. पण 'मुक्ताईनगर' लिहायला गेलं की 'क्त' नाही, आणि 'साक्री' लिहायला गेलं की 'क्र' नाही. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने जातो. ज्याच्या हातून ते अक्षर उतरलं त्याचा हात आधी समजून घ्यायचा, मग सांगाडा, मग जोडाक्षरं. सावली अगदी शेवटी.

सिनेमाच्या जाहिरातीचं अक्षर आपल्याकडे ब्रशातूनच आलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवू लागले. पुढे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटक-सिनेमाची शीर्षकं अशी काढली की नाव वाचायच्या आधी त्या खेळाची जात कळावी. खानदेशात सिनेमा यायचा रेल्वेने. भुसावळ मोठं जंक्शन, त्यामुळे वितरकांच्या कचेऱ्याही तिथे. छापील पोस्टर ३० बाय ४० इंचांचं, ते तयारच यायचं. पण टॉकीजवरचा मोठा बोर्ड, टांग्याच्या दोन्ही बाजूंना बांधायची पाटी, यात्रेतल्या तंबूबाहेरचं कापड हे काम गावचाच पेंटर करायचा. आपल्याला फॉन्ट करायचा आहे तो त्या गावच्या पेंटरच्या अक्षराचा. छापील पोस्टरची नक्कल पुष्कळांनी केली आहे; हे अक्षर मात्र भिंतीबरोबर संपत चाललं आहे, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

नमुने गोळा करणं

बंद पडलेल्या टॉकीजचा दर्शनी भाग, जुन्या दुकानांची शटरं, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रद्दीवाल्याकडची गुलाबी-पिवळी सिनेमाची पत्रकं, हे सगळं बघा. सिनेमाचे बोर्ड स्वतः फारसे उरलेले नाहीत, पण तेच पेंटर दुकानांच्या पाट्याही रंगवत. त्यामुळे हात तोच सापडतो. फोटो अक्षराच्या समोर, अक्षराच्याच उंचीवरून घ्या. खालून घेतलात तर अक्षर वर निमुळतं दिसतं आणि पुढची सगळी मापं चुकतात. सकाळी उन्हाची तिरीप भिंतीवर असताना गेलात तर ब्रशाचे थर उठून दिसतात. कोपऱ्यात एक पट्टी धरा, म्हणजे माप कळेल. दुकानदाराला विचारून फोटो घ्या. बहुतेक जण चहा पाजून पेंटरचा पत्ताही देतात.

एक नियम मात्र पक्का ठेवा: एका फॉन्टमध्ये एकाच पेंटरचा हात. चोपड्याच्या पाटीवरचा 'ग' आणि शिरपूरच्या शटरवरचा 'ल', दोन्ही सुंदर असतील, पण एका शब्दात शेजारी बसवले की भांडतात.

पेंटर हयात असेल तर त्याच्याजवळ बसणं हा खरा धडा. अमळनेरला सत्तरी गाठलेल्या एका पेंटरकाकांनी माझ्यासमोर पत्र्यावर 'अमळनेर' लिहून दाखवलं. आधी खडूत बुडवलेली दोरी दोन टोकांना ताणून टणत्कार केला, वर एक रेघ, खाली एक रेघ. मग खडूने अक्षरांच्या जागा, अगदी पुसट. मग चपटा ब्रश. मी वाट पाहत होतो शिरोरेषेची, पण काका एकेक अक्षर वरच्या रेघेला लटकवत गेले. अ, म, ळ, ने, र. शिरोरेषा आलीच नाही. सगळ्यात शेवटी ब्रश रंगात नीट भिजवला आणि डावीकडून उजवीकडे एका दमात ओढला. म्हणाले, "अक्षरं तोलली की मग छप्पर घालायचं."

हे पाहिल्यावर माझ्या फॉन्टचा आराखडाच बदलला. काकांची शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरून जाते आणि ते डोकं थोडं झाकते; म्हणून कान्याच्या वरच्या टोकाला कोपरा दिसत नाही. मी तोवर प्रत्येक अक्षर शिरोरेषेसकट एकसंध काढत होतो आणि सांध्यात कोपरे येत होते. तुम्ही सुरुवातीपासूनच शिरोरेषा वेगळा तुकडा म्हणून ठेवा.

'ळ'ही नीट पाहिला. वरून छोटा देठ खाली आला, ब्रश डावीकडे वळून एक गोळा झाला, तिथून न उचलता दुसरा गोळा उजवीकडे. दुसऱ्या गोळ्यात काकांनी ब्रश बोटांच्या चिमटीत फिरवला, म्हणून तिथली रेघ एकदम जाड होऊन पुन्हा बारीक झाली. दोन्ही गोळे सारखे काढले असते तर तो 'ळ' निर्जीव झाला असता. आणि हे अक्षर आपल्याकडे किती येतं! जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, तळोदा. खानदेशातला फॉन्ट 'ळ'वर जोखला जातो असं मी समजतो. पहिला आठवडा त्यालाच द्या.

जात आणि मापं ठरवणं

जुन्या सिनेमाच्या अक्षरांच्या ढोबळ जाती आहेत: मारधाडीच्या खेळांची ठोकळेबाज, कौटुंबिक खेळांची लफ्फेदार, पौराणिकांची नक्षीदार, भुताखेताच्या खेळांची ओघळती. नवशिक्याने ठोकळेबाज घ्यावी. लफ्फेदार अक्षर दिसायला सोपं, पण त्यात प्रत्येक अक्षराची शेजाऱ्याशी गाठ वेगळी पडते आणि काम तिप्पट होतं.

मग फोटोवर पट्टी ठेवून तीन मापं काढा: शिरोरेषेची जाडी, कान्याची जाडी, आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची. माझ्या नमुन्यात कान्याची जाडी १०० धरली तर शिरोरेषा ८० भरली. काकांनी ती मुद्दाम बारीक ठेवली होती, कारण एवढ्या जाड अक्षरावर तेवढीच जाड शिरोरेषा आली की शब्द वरून दबतो. फॉन्टचा चौकोन सहसा १००० एककांचा धरतात. अक्षराच्या पायाला शून्य धरून मी शिरोरेषेची वरची कड ६८०वर ठेवली, वेलांटी-मात्रांना वर ९८०पर्यंत जागा दिली आणि उकारांना खाली उणे ३००पर्यंत. तुमचे आकडे वेगळे येतील. पण वरची-खालची जागा आधी राखून ठेवा. नंतर 'र्तीं'सारखं अक्षर आलं की डोकं कापलं जातं.

कागदावर, मग पडद्यावर

फोटो संगणकात टाकून त्यावरून आपोआप कडा काढून घेण्याचा मोह आवरा. त्यात भिंतीचे पोपडेही अक्षर म्हणून येतात आणि एका 'क'ला २०० बिंदू पडतात. पातळ कागद ठेवून पेन्सिलने अक्षर पाच-सहा वेळा काढा. सहाव्यांदा हाताला वळण कळतं.

सगळी अक्षरं एकदम घेऊ नका, कुळं लावा. 'व' जमला की 'ब' आणि 'क' त्यातूनच निघतात. 'प' जमला की 'ष' आणि 'फ'. 'न'वरून 'त'ची पाठ कळते, 'ग'वरून 'म' आणि 'भ'चा डावा भाग. 'ट'मधून 'ठ' आणि 'ढ'. 'इ', 'ड', 'ह' यांच्या वळणाचा विचार एकत्र करा. 'ल' आणि 'श' यांच्याकडे खास लक्ष द्या. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहितात. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. बाजारातल्या कितीतरी देवनागरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाची रूपं असतात, आणि खानदेशातला म्हातारा पेंटर ती कधी काढत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगतो. फॉन्टफोर्ज मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, दिसायला जुनाट पण कामाचं. ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतं, पैसे पडतात, पण देवनागरीची सोय त्यात चांगली आहे. पहिल्या फॉन्टसाठी फॉन्टफोर्ज पुरे. वळणावर बिंदू टाकताना ते गोळ्याच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला टाका. चार बिंदूंत गोळा आला पाहिजे. बारा लागत असतील तर पुसून पुन्हा काढा.

जोडाक्षरं: इथे घाई नको

इंग्रजी फॉन्ट करणारा आकडे-चिन्हं धरून शंभरभर आकृत्यांत सुटतो. आपली गोष्ट वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा गट दिलेला आहे, पण त्या जागा म्हणजे नुसता कच्चा माल. वाचकाला दिसणारी अर्धी अक्षरं, रफार, जोडाक्षरं या सगळ्यांच्या आकृत्या आपणच काढायच्या आणि केव्हा कोणती लावायची याचे नियम फॉन्टमध्ये लिहायचे. काही कामं संगणकातलं लिपी जुळवणारं यंत्र करतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवणं, रफार पुढच्या अक्षरावर चढवणं, हे तुमचं काम नाही. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांच्यात त्यासाठी हार्फबझ नावाचं यंत्र असतं. ते फॉन्टला विचारतं, "अर्धा 'क' आहे का तुझ्याकडे?" असेल तर लावतं, नसेल तर पाय मोडलेला 'क्' दाखवतं.

कान्याची अक्षरं सोपी. 'ग', 'न', 'स', 'प' यांचा काना काढला की अर्धं अक्षर तयार. 'क' आणि 'फ' यांची उजवी शेपटी छाटून पुढच्या अक्षराला टेकवायची. 'ट', 'ड', 'द', 'ह', 'ळ' यांना काना नाही, त्यांची जोडाक्षरं एकेक करून काढावी लागतात. सगळी काढायची गरज नाही. बाजारात फिरून पाट्या वाचा, लागतील तेवढीच आधी काढा. 'कृषी सेवा केंद्र'मध्ये 'कृ' आणि 'द्र'. 'ट्रॅक्टर'मध्ये 'ट्र', 'क्ट' आणि अर्धचंद्र. जळगावला सोन्याची पेठ, तिथे 'ज्वेलर्स'चा 'ज्व' आणि 'र्स'. 'ऑइल', 'ॲग्रो' हेही हवेत. 'ॲ'ला युनिकोडमध्ये ०९७२ ही स्वतंत्र जागा आहे, ती विसरून 'अ'वर चंद्र चिकटवलात तर मोबाइलवरून टाइप केलेला शब्द फुटतो. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र', 'श्र', 'द्य', 'द्ध', 'ह्म' ही तर लागणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या भागापुरतं. 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' हिंदीत लागत नाही, म्हणून बाहेरून आलेल्या सजावटी फॉन्टमध्ये तो पुष्कळदा नसतो किंवा कसाबसा चिकटवलेला असतो. मराठीला तो लागतोच, आणि अहिराणीला तर पावलोपावली. "काय करी ऱ्हायना भाऊ?" एवढं साधं वाक्य ज्या फॉन्टमध्ये उमटत नाही, तो खानदेशात कुठल्या पाटीवर जाणार? अहिराणी गाण्यांची पोस्टरं आज ठिकठिकाणी लागतात, त्यांच्यासाठी ही एक आकृती जीव लावून काढा. हा 'र' दोन वाटांनी टाइप होतो: ०९३१वरचा 'ऱ' आणि पाय मोडायचं चिन्ह, किंवा साधा 'र', पाय मोडायचं चिन्ह आणि न दिसणारा जोडक (झीरो विड्थ जॉइनर). तुमच्या नियमांत दोन्ही वाटा एकाच आकृतीकडे आल्या पाहिजेत. ठोकळेबाज अक्षरात ही कोर बारीक ठेवली तर हरवते. शिरोरेषेइतकी जाड ठेवा आणि पुढच्या 'ह'च्या पोटाला टेकू देऊ नका.

ऱ्हस्व वेलांटीही एकच काढून भागत नाही. 'कि'ची कमान अरुंद, 'क्ति'ची रुंद, 'स्त्रि'ची आणखी रुंद. तिचं टोक शेवटच्या अक्षराच्या कान्यापर्यंत पोचायला हवं. मी चार रुंदीच्या वेलांट्या केल्या आणि कुठे कोणती ते नियमात लिहिलं. डोक्यावरच्या गर्दीची परीक्षा 'मूर्तींना' या शब्दाने घ्या. दीर्घ वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात. तिन्ही सुटे ठेवले तर चिखल होतो, म्हणून तिघांची मिळून एक आकृती काढलेली बरी. 'रु' आणि 'रू'ही वेगळे काढा. उकार 'र'च्या पायाशी नाही, कमरेशी बसतो.

अंतर

शिरोरेषा प्रत्येक अक्षराच्या चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत न्या आणि १०-१५ एककं बाहेरही काढा, म्हणजे शेजारच्या शिरोरेषेवर थोडी चढेल. काठोकाठ थांबवली तर पडद्यावर दोन अक्षरांमध्ये केसाएवढी पांढरी चीर दिसते. खालची अंतरं डोळ्यांनी जुळवा. 'र' आणि 'द' यांच्या पायाशी मोकळी जागा पडते, तिथे पुढचं अक्षर जरा आत ओढा. 'नंदुरबार' हा शब्द याच्या सरावाला उत्तम आहे.

आता सावली

पेंटर आधी संपूर्ण शब्द रंगवतो, वाळू देतो आणि मग सावली भरतो. संगणकात नवशिका प्रत्येक अक्षराला सावली जोडून टाकतो. मग शब्द लिहिला की प्रत्येक अक्षर संपतं तिथे शिरोरेषेत उभी काळी रेघ येते, कारण त्या अक्षराची सावली पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर सांडते. एकसंध छप्पर तुकड्यातुकड्यांचं दिसू लागतं.

याला उपाय एकच: दोन फॉन्ट करा. एक नुसत्या अक्षरांचा, दुसरा नुसत्या सावल्यांचा. दोन्हींत अक्षरांची रुंदी, अंतरं आणि जोडाक्षरांचे नियम तंतोतंत सारखे. वापरणारा आधी सावलीच्या फॉन्टमध्ये काळ्या रंगात शब्द लिहील, त्यावर तोच शब्द अक्षरांच्या फॉन्टमध्ये लाल रंगात ठेवील. सावल्या एकमेकींवर चढल्या तरी रंग एकच, त्यामुळे कळत नाही. आणि सगळ्या सावल्या खाली असल्याने शिरोरेषा वर अखंड राहते. पिवळी कड हवी असेल तर याच रीतीने तिसरा फॉन्ट.

सावलीची खोली मोजून ठरवा. आपल्या अक्षरांना वर शिरोरेषा असल्याने खाली पडणारी सावली तिच्याखालची मोकळी जागा खाते. दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेखाली ९० एककांची जागा असेल तर सावली ५०च्या पुढे नेऊ नका. 'भ' आणि 'म' लांबून वेगळे ओळखू येत नसतील तर सावली जास्त झाली असं समजा. फॉन्टफोर्जमध्ये सावलीचं तयार साधन आहे, त्याने सुरुवात करा, पण 'ळ'च्या आणि 'इ'च्या पोटातले कोपरे हाताने दुरुस्त करावेच लागतात.

फ्लेक्सच्या दुकानात परीक्षा

घरच्या प्रिंटरवर सगळंच छान दिसतं. खानदेशातल्या सगळ्या तालुक्यांची नावं एका पानावर मोठ्या आकारात छापा, भिंतीला लावा आणि तीस पावलं मागे जा. 'अक्कलकुवा', 'शिंदखेडा', 'एरंडोल', 'धडगाव', 'बोदवड', 'पाचोरा' ही नावं लांबून वाचता आली पाहिजेत.

मग फाइल फ्लेक्सच्या दुकानात न्या. माझ्या पहिल्या फॉन्टचं बॅनर एका दुकानात छापून आलं तेव्हा सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षरांच्या उजवीकडे पडल्या होत्या. तिथलं सॉफ्टवेअर जुनं होतं, त्याला युनिकोड देवनागरी जुळवता येत नव्हती. पैसे गेले, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. तेव्हापासून मी फाइल नेहमी कर्व्ह करूनच देतो, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि काही हलत नाही. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात. ही सूचना फॉन्टबरोबरच्या कागदात ठळक लिहून ठेवा.

हक्क आणि नाव

पाटीवरचं अक्षर ही चित्रकृती आहे. भारतात तिचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून एखाद्या चित्रपटाचं शीर्षक जसंच्या तसं फॉन्टमध्ये उतरवू नका. वळण शिका, अक्षर स्वतः काढा. पेंटर हयात असेल तर त्याची परवानगी घ्या, त्याला चालत असेल तर फॉन्टच्या माहितीत त्याचं नाव घाला, आणि फॉन्ट विकणार असाल तर त्याचा वाटा आधीच ठरवून लिहून ठेवा. मोफत द्यायचा असेल तर ओपन फॉन्ट लायसन्स लावा. त्यात कोणीही फॉन्ट वापरू शकतो, सुधारू शकतो, पण नुसता फॉन्ट सुटा विकू शकत नाही.

हा फॉन्ट शीर्षकाचाच आहे, हे वापरणाऱ्याला सांगा. ३६ पॉइंटच्या खाली 'ळ'चे गोळे बुजतात. बारीक मजकुराला 'मुक्त'सारखा शांत फॉन्ट घ्यावा आणि आपला फॉन्ट एका पाटीवर एकाच ओळीला वापरावा. काकांना मी पहिली छपाई दाखवली तेव्हा त्यांनी खिशातून खडू काढला, 'अमळनेर'च्या 'ने'वरची मात्रा थोडी उजवीकडे झुकवून दाखवली आणि म्हणाले, "ही पडायला आली आहे, हिला 'न'च्या कान्यावर उभी कर." दुसऱ्या आवृत्तीत ती तशी केली आहे.